मन कशाने वळते

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात १९५७ साली काही सशांना रेसर्पिन नावाचे औषध टोचण्यात आले. थोड्या वेळाने ससे जागच्या जागी थिजले. कान लोंबले, पापण्या जडावल्या, हालचाल थांबली. ते मेले नव्हते आणि त्यांचे पाय लुळेही पडले नव्हते. पाय उचलण्याची चालनाच नाहीशी झाली होती. मग आर्विड कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच सशांना एल-डोपा हे दुसरे रसायन टोचले. बघता बघता कान ताठ झाले, डोळे उघडले आणि ससे हिंडूफिरू लागले. एल-डोपाचा अंमल ओसरल्यावर ते पुन्हा पहिल्यासारखे झाले.

या सशांपर्यंत जाणारी एक वाट मुंबईतून गेली होती. रेसर्पिन हे सर्पगंधेच्या मुळांतून मिळणारे द्रव्य. आपल्याकडच्या वैद्यांना ही वनस्पती शतकानुशतके माहीत होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४९ मध्ये तो ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष सर्पगंधेकडे वळले. १९५२ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले. औषधाने रक्तदाब उतरे, बेभान रुग्ण शांत होत. पण काही रुग्ण उदास होतात, काहींच्या हालचाली कंपवातासारख्या मंदावतात, अशा नोंदीही होऊ लागल्या. डॉ. वकील यांना अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला तो १९५७ मध्येच, म्हणजे लुंडमधले ससे थिजून पुन्हा उठले त्याच वर्षी.

कार्लसन यांचा निष्कर्ष साधा, पण त्या काळी धाडसाचा होता. डोपामीन हे नॉरॲड्रिनॅलिन तयार होतानाच्या वाटेवरचे एक मधले द्रव्य, त्याला स्वतःचे काम नाही, अशी तेव्हा समजूत होती. कार्लसन यांनी दाखवले की रेसर्पिन मेंदूतला डोपामीनचा साठा रिता करते, एल-डोपाचे मेंदूत डोपामीन होते, आणि हे डोपामीन मेंदूच्या खोल भागातील विशिष्ट केंद्रकांत साठलेले असते. १९६० मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्या काळच्या नामवंतांनी त्यांचे म्हणणे मान्य केले नाही. त्याच वर्षी व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच आणि हर्बर्ट एरिंगर यांनी कंपवाताने, म्हणजे पार्किन्सन आजाराने मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा नेमक्या त्याच भागात डोपामीनचा खडखडाट आढळला. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियस यांनी तोंडावाटे एल-डोपाचे वाढते डोस देऊन रुग्णांमध्ये भरीव सुधारणा घडवली. कार्लसन यांना नोबेल मिळाले ते २००० साली.

वैद्यकाच्या इतिहासात ही गोष्ट एका आजारावरील उपचाराची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातला सशांचा भाग अधिक मोलाचा वाटतो. एखादी गोष्ट करता येणे वेगळे आणि ती करावीशी वाटणे वेगळे. हे करावीशी वाटणे मेंदूतल्या काही मोजक्या रसायनांवर उभे आहे, आणि तीच रसायने आपण काय शिकतो, कशासाठी कष्ट घेतो, दोन वाटांपैकी कोणती धरतो, यांतही हात घालतात. हे पुस्तक त्या रसायनांविषयी आहे. ते लिहिण्यामागचे माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे: ज्याला आपण स्वभाव, जिद्द, आळस किंवा हव्यास म्हणून चटकन नाव देऊन मोकळे होतो, त्यामागे शिकण्याची एक यंत्रणा असते, ती समजून घेतली तर स्वतःला आणि दुसऱ्याला वागवण्याची आपली रीत बदलते, बदलायला हवी.

मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्यांचे क्षणाक्षणाचे बोलणे बहुतांशी ग्लुटामेट आणि गाबा या दोन रसायनांच्या भाषेत चालते. पहिले पुढच्या पेशीला चेतवते, दुसरे तिला आवरते. हा कानात सांगितलेला निरोप असतो: एका पेशीकडून पुढच्या पेशीला, क्षणार्धात. डोपामीन, सेरोटोनिन, नॉरॲड्रिनॅलिन आणि ॲसिटिलकोलीन यांचे काम निराळे आहे. ती दवंडी पिटतात. डोपामीन तयार करणाऱ्या पेशी माणसाच्या मेंदूत जेमतेम चार ते सहा लाख असतात, पण त्यांतल्या एकेका पेशीच्या तंतूला इतके फाटे फुटलेले असतात की ती लाखो ठिकाणी पोहोचते. नॉरॲड्रिनॅलिनच्या मुख्य केंद्रात तर लाखभरसुद्धा पेशी नाहीत, तरी जवळजवळ सारा मेंदू त्यांच्या टप्प्यात येतो. दवंडीत तपशील नसतो. आत्ता लक्ष द्या, हे अपेक्षेपेक्षा चांगले घडले, जरा थांबा, एवढाच तिचा मजकूर. पण ती ऐकल्यावर प्रत्येक वस्तीतले व्यवहार बदलतात. कानातले निरोप तेच राहतात, त्यांचे वजन बदलते.

शिकण्यातला डोपामीनचा वाटा ज्या प्रयोगांतून उलगडला ते जरा जवळून पाहण्यासारखे आहेत. स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर विद्यापीठात वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मेंदूतील डोपामीन-पेशींचे विद्युत्संकेत केसाहून बारीक तारेने टिपत होते. या पेशी एरवी सेकंदाला तीन-चारदा, संथपणे ठोके देतात. माकडाच्या तोंडात अचानक फळाच्या रसाचा थेंब पडला की ठोक्यांची सर येते. इथवर नवल नाही. रस गोड, माकड खूश, असे म्हणून कोणीही पुढे गेले असते. शुल्ट्झ यांनी पुढे पाहिले. रसाआधी दर वेळी एक खूण दाखवली, दिवा लावला, की काही काळाने पेशी दिव्यालाच प्रतिसाद देऊ लागतात. आणि रसाला? रस तोच, तेवढाच गोड, माकड तो तितक्याच आवडीने पिते. पण पेशी गप्प राहतात. तिसरी पायरी सर्वांत बोलकी. दिवा लागला आणि रस आलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायचा होता नेमक्या त्या क्षणी पेशींचे नेहमीचे संथ ठोकेही काही काळ थांबतात.

म्हणजे या पेशी रस मोजत नाहीत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. अपेक्षेहून जास्त मिळाले की ठोके वाढतात, अपेक्षेइतके मिळाले की शांतता, कमी मिळाले की खंड. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी हा अर्थ मांडला तेव्हा त्यांच्या हाती एक तयार गणित होते. संगणकाला अनुभवातून शिकवण्यासाठी रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी १९८० च्या दशकात जे सूत्र घडवले होते, त्यातले चूक मोजण्याचे माप आणि माकडाच्या पेशींचे ठोके एकमेकांशी जुळत होते. त्याही आधी, १९७२ मध्ये, रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या वागण्यावरून हेच ओळखले होते: अपेक्षेबाहेर काही घडल्याशिवाय शिकणे होत नाही. मानसशास्त्र, संगणकशास्त्र आणि चेताविज्ञान अशा तीन वाटांनी निघालेली माणसे एकाच सूत्रापाशी येऊन भेटावीत, असे विज्ञानात क्वचित घडते.

या शोधाचा अर्थ शाळेत, घरात, कामाच्या जागी फार दूरवर जातो. ठरलेल्या वेळी ठरलेले बक्षीस मिळत राहिले की ते अपेक्षेत जमा होते. मिळाले तर विशेष काही नाही, चुकले तर मात्र खटकते. उत्तराचा अंदाज आधी बांधायला लावून मग खरे उत्तर दाखवले, तर अंदाज आणि उत्तर यांतले अंतर मेंदूला कळते आणि तिथेच शिकण्याला जागा होते. चुकीकडे पाहण्याची दृष्टीही यातून बदलावी. चूक ही या यंत्रणेची कच्ची सामग्री आहे. मुलाने उत्तर चुकवल्यावर त्याच्यावर डोळे वटारणारा शिक्षक नेमकी तीच सामग्री वाया घालवतो, कारण पुढच्या वेळी मूल अंदाज बांधायचेच सोडून देते. उत्सुकतेचेही असेच. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की एखाद्या प्रश्नाचे उत्तर जाणून घ्यायला माणूस उत्सुक असला, तर ते उत्तर तर त्याच्या लक्षात राहतेच, पण वाट पाहत असताना समोर आलेला एखादा असंबद्ध चेहराही अधिक चांगला लक्षात राहतो. आणि हे ज्यांच्यात अधिक दिसले त्यांच्या मेंदूतील डोपामीनशी निगडित भागही अधिक सक्रिय होते. धडा सुरू करण्याआधी प्रश्न पेरणारे जुने शिक्षक हे जाणून होते.

आता प्रेरणेकडे येऊ. इथे एका जुन्या गैरसमजाने अजून ठाण मांडले आहे. १९५४ मध्ये मॉन्ट्रियलमधील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत तार बसवून कळ दाबताच सौम्य विद्युत्प्रवाह मिळेल अशी सोय केली. उंदीर तासाला शेकडो वेळा कळ दाबत राहिले. मेंदूतले ‘आनंदकेंद्र’ सापडले, असा गाजावाजा झाला. पुढे या यंत्रणेत डोपामीनचा मोठा वाटा आहे असे कळले आणि डोपामीन म्हणजे आनंदाचे रसायन हे समीकरण रूढ झाले. आजही वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि समाजमाध्यमांवर ते जसेच्या तसे फिरते.

हे समीकरण चुकीचे आहे, हे मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी एका अतिशय साध्या निरीक्षणातून दाखवले. उंदराच्या जिभेवर साखरेचे पाणी सोडले की तो लयीत जीभ बाहेर काढून ओठ चाटतो. माणसाचे तान्हे बाळही गोड चवीला जवळपास अशीच प्रतिक्रिया देते. बेरिज आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतील डोपामीन जवळजवळ पूर्ण नष्ट केले. हे उंदीर अन्नाच्या ढिगाशेजारी उपाशी बसून राहत, त्यांना नळीने भरवावे लागे. पण जिभेवर साखरेचे पाणी पडताच ते पूर्वीइतक्याच चवीने ओठ चाटत. गोडी शाबूत होती. तिच्याकडे जाण्याची ओढ गेली होती. वॉशिंग्टन विद्यापीठात रिचर्ड पाल्मिटर यांच्या प्रयोगशाळेने जन्मतःच डोपामीन बनवू न शकणारे उंदीर तयार केले, तेव्हा ते पिल्लू-वयातच, काही आठवड्यांत, न खाता मरण पावत. रोज एल-डोपा दिले की खात आणि जगत.

आवडणे आणि हवे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा लक्षात आले की रोजच्या जगण्यातली कितीतरी कोडी सुटतात. व्यसनी माणसाला दारूत पूर्वीची मजा उरलेली नसते, हे तो स्वतःच सांगतो. तरी पावले तिकडेच वळतात. बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांचे म्हणणे असे की व्यसनात ओढ वाढत जाते आणि आनंद मागे पडतो. रात्री एक वाजता अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर अंगठा फिरवणाऱ्या आपल्यापैकी कोणालाही हे वेगळे समजावून सांगायला नको. शंभरातले पाचच व्हिडिओ बरे निघतात, पण कोणते पाच हे आधी माहीत नसते. शुल्ट्झ यांच्याच गटाने २००३ मध्ये दाखवले होते की रस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा निकालाची वाट पाहताना डोपामीन-पेशींची हालचाल सर्वाधिक चढत जाते. अनिश्चितता स्वतःच खेचून घेते. जुगाराचा धंदा यावरच चालतो आणि फोनच्या पडद्यावरचा न संपणारा रकानाही याच वृत्तीवर पोसला जातो.

कष्टांचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. कनेटिकट विद्यापीठाचे जॉन सालामोन यांनी उंदरांपुढे दोन वाटा ठेवल्या: एकीकडे थोडे अन्न, विनासायास, दुसरीकडे जास्त अन्न, पण मध्ये चढून जावे लागेल असे कुंपण. धडधाकट उंदीर कुंपण चढून जातात. डोपामीन कमी केलेले उंदीर थोडक्यात समाधान मानतात. ते चढू शकत नाहीत म्हणून असे होत असेल का? तर नाही. सोप्या वाटेवरचे अन्न काढून टाकले की हेच उंदीर कुंपण चढतात. अंगात ताकद आहे, भूक आहे, अन्नाची चवही आहे. बदलला आहे तो हिशेब. हे मिळवण्यासाठी इतके कष्ट घ्यावेत का, या प्रश्नाचे उत्तर मेंदू आता वेगळे देतो. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला ‘जरा मनावर घे, उठून फिरून ये’ असे सांगणाऱ्यांनी हा प्रयोग आठवावा. त्या माणसाला दोन पावलांवरचे कामही डोंगराएवढे वाटते ते नाटक नसते. त्याच्या मेंदूतला खर्चाचा आणि मिळकतीचा ताळमेळ बिघडलेला असतो.

निर्णयांच्या बाबतीत सर्वांत मोठी शिकवण कंपवाताच्या रुग्णांनी दिली आहे. मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या रुग्णांना जपानी अक्षरांच्या जोड्या दाखवल्या. प्रत्येक जोडीतले एक अक्षर निवडायचे. निवड बरोबर की चूक ते पडद्यावर कळे. गोळ्या न घेतलेल्या अवस्थेत रुग्ण चुकीतून अधिक चांगले शिकत: कोणते अक्षर टाळायचे हे त्यांना पक्के ठाऊक होई. गोळ्या घेतल्यावर तेच उलटे होई: कोणते अक्षर फायद्याचे हे ते चांगले शिकत, पण कोणते टाळावे याचा धडा कच्चा राही. डोपामीनची पातळी बदलली आणि त्याच आजाराची माणसे अनुभवातून वेगळा बोध घेऊ लागली. कोणाचे जुन्या ठेचेने पाऊल आखडते आणि कोणाचे एका यशाने हुरळून पुढे पडते, यात शहाणपणाइतकाच या रसायनाचाही भाग असू शकतो.

प्रयोगशाळेबाहेर याची किंमत मोठी असते. कंपवातावरील काही औषधे डोपामीनची नक्कल करतात. ती घेणाऱ्या काही रुग्णांना जुगाराचा, खरेदीचा, खाण्याचा किंवा कामवासनेचा अनावर छंद लागतो. अमेरिका आणि कॅनडातील ३,०९० रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात, जो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, अशा तक्रारी १३.६ टक्के रुग्णांत आढळल्या. डोपामीनची नक्कल करणारी औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के होते. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवणारे आजोबा अचानक लॉटरीची तिकिटे आणू लागले, घरापासून पैसे लपवू लागले, की घरचे म्हातारचळ म्हणतात, चारित्र्यावर बोट ठेवतात, आणि आजोबा लाजेने डॉक्टरांना काही सांगत नाहीत. बऱ्याच वेळा डॉक्टरांनी औषधाची मात्रा कमी केली किंवा औषध बदलले की हा छंद ओसरतो. हे घरोघरी माहीत असायला हवे, म्हणून पुस्तकातले एक संपूर्ण प्रकरण त्यावर आहे.

डोपामीनची चर्चा इतकी झाली आहे की बाकीची रसायने झाकोळून जातात. त्यांनाही या पुस्तकात त्यांची जागा दिली आहे. कार्लसन यांच्याबरोबर २००० चे नोबेल वाटून घेणारे एरिक कँडल यांनी सागरी गोगलगायीवर, ॲप्लिसियावर, काम केले. तिच्यात सुमारे २० हजारच चेतापेशी असतात, म्हणून कोणती पेशी काय करते हे नेमके पाहता येते. काचपात्रात वाढवलेल्या तिच्या पेशींवर एकदाच सेरोटोनिन सोडले तर पेशींमधला दुवा काही मिनिटांपुरता बळकट होतो. तेच थोड्या थोड्या अंतराने पाच वेळा सोडले तर बळकटी दिवसभराहून अधिक टिकते, आणि त्यासाठी पेशीला नवी प्रथिने बनवावी लागतात. घोकंपट्टीच्या एका रात्रीपेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी का टिकते, याचा एक धागा या गोगलगायीपर्यंत जातो. जपानमधील ओकिनावाच्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतील सेरोटोनिन-पेशी प्रकाशाने चेतवल्या, तेव्हा ते उंदीर अन्नासाठी अधिक वेळ धीर धरून थांबले. वाट पाहणे हीसुद्धा मेंदूची एक कृती आहे आणि तिलाही रसायनांची साथ लागते.

नॉरॲड्रिनॅलिन महत्त्वाच्या क्षणांवर ठसा उमटवते. लॅरी काहिल आणि जेम्स मॅकगॉ यांनी १९९४ मध्ये काही स्वयंसेवकांना एका मुलाच्या अपघाताची गोष्ट चित्रांसह दाखवली. ज्यांनी आधी प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिनचा परिणाम अडवणारे औषध घेतले होते, त्यांना आठवड्यानंतर गोष्टीचा साधा भाग इतरांइतकाच आठवला, पण काळजाला हात घालणारा भाग विशेष ठळक आठवला नाही. भावना स्मृतीला धार लावते ती अशी. मात्र हीच रसायने प्रमाणाबाहेर उसळली तर घात होतो. येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टेन यांनी दाखवून दिले आहे की तीव्र ताणात डोपामीन आणि नॉरॲड्रिनॅलिन यांचा पूर आला की कपाळामागचा, विचारपूर्वक निवड करणारा मेंदूचा भाग मंदावतो आणि सवयी व भीती यांचा कारभार सुरू होतो. दहावीच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका हाती पडताच पाठ केलेले सारे पुसून जाते, असे सांगणारे मूल खोटे बोलत नसते.

आता हे पुस्तक काय सांगत नाही तेही स्पष्ट करायला हवे, कारण या विषयावर अर्धवट माहितीचा बाजार तेजीत आहे. ‘डोपामीन डिटॉक्स’ नावाचा प्रकार शास्त्राला धरून नाही. दोन दिवस फोन बाजूला ठेवणे चांगलेच, त्याने सवयीची साखळी सैल होऊ शकते. पण शरीरातून डोपामीन उतरवायला ते विष नाही, ते उतरले तर आपण लुंडच्या सशांसारखे होऊ. मेंदूतील डोपामीन वा सेरोटोनिन रक्ताच्या तपासणीत मोजता येत नाही. शरीरातील बहुतेक सेरोटोनिन आतड्यांत असते आणि ते मेंदूत शिरत नाही. नैराश्य म्हणजे केवळ सेरोटोनिनची कमतरता, हे वाक्यही फार भोळे आहे. त्यावरची औषधे अनेकांना उपयोगी पडतात, पण आजाराचे कारण एका रसायनात मावत नाही. म्हणून कोणीही हे पुस्तक वाचून आपली गोळी बंद करू नये, वाढवूही नये. खाजकुयलीच्या बियांत एल-डोपा असते, ते १९३७ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी वेगळेही करून दाखवले होते. पण झाडाच्या बीत आहे म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. कंपवाताच्या गोळ्यांबरोबर तिची पूड मनाने घेतली तर मात्रा दुप्पट होऊ शकते.

याच्या उलट टोकाची चूकही टाळली आहे. सगळे रसायनांनीच ठरते, मग माणसाच्या हाती काय, असा निराश सूर या पुस्तकात सापडणार नाही, कारण तो खरा नाही. ही रसायने शिकण्यासाठी आहेत, म्हणजेच अनुभवाने बदलण्यासाठी आहेत. दिव्याला दिलेला प्रतिसाद माकडाने जन्मतः आणला नव्हता. तो त्याने कमावला आणि परिस्थिती बदलल्यावर सोडलाही. आपण कशासाठी उत्सुक व्हावे हे घर, शाळा, मित्र, वाचलेली पुस्तके आणि केलेली कामे मिळून घडवतात. वर्गाची रचना, कामाचे वेळापत्रक, फोनवरच्या सूचनांचे आवाज हे सारे माणसांनी केलेले आहे आणि माणसांना बदलता येते. यंत्रणा समजली की आपण बदल कुठे करायचा ते कळते: इच्छाशक्तीला चाबूक मारण्यापेक्षा वाटेतले कुंपण कमी उंच करणे बहुधा अधिक उपयोगी पडते.

पुस्तकाचे सहा भाग आहेत. पहिला भाग रसायनांच्या शोधाचा. त्यात १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून चेतांचा निरोप रासायनिक असतो हे सिद्ध करणारे ओटो लोवी येतात. दुसरा शिकण्याचा, तिसरा प्रेरणेचा, चौथा निर्णयांचा. पाचव्या भागात ही यंत्रणा बिघडते तेव्हाचे आजार आहेत: कंपवात, व्यसन, नैराश्य, अवधान टिकवण्यातील अडचणी. सहावा भाग शिक्षक, पालक आणि रुग्णांच्या घरच्यांसाठी आहे. ज्यांना रसायनशास्त्राची भीती वाटते त्यांनी सहाव्यापासून सुरुवात करून मागे यायला हरकत नाही. जेथे मराठी शब्द रुळला आहे तेथे तो वापरला आहे. रसायनांची आणि औषधांची नावे जशी दवाखान्यात बोलली जातात तशीच ठेवली आहेत, म्हणजे वाचकाला औषधाच्या चिठ्ठीवरचे नाव ओळखता यावे. प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष माणसाला लागू करताना कोठे भक्कम पुरावा आहे आणि कोठे केवळ अंदाज आहे, ते प्रत्येक प्रकरणात वेगळे नोंदवले आहे.

मराठीत या विषयावर मानसशास्त्राच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले, वैद्यकाच्या अंगानेही लिहिले गेले. पण प्रयोगशाळेतला उंदीर, दवाखान्यातला रुग्ण आणि वर्गातले मूल यांना एकाच धाग्यात ओवणारे लेखन मला हवे होते, कारण तो धागा खरोखर आहे. माहिती हाती असूनही ती गरजूंपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा तिची जागा दोषारोप घेतात. कंपवाताच्या आरंभी मंदावलेल्या आजीला घर आळशी म्हणते, व्यसनाच्या विळख्यातील मुलाला गाव नालायक म्हणते, आणि लक्ष न लागणाऱ्या विद्यार्थ्याला शाळा मागच्या बाकावर बसवते. या तिघांनाही उपचार, वेळ आणि समंजस माणसे मिळाली तर त्यांचे जगणे सुसह्य होते. दोष देऊन मात्र यांतले कोणीही सुधारलेले नाही.

म्हणून वाचकांना एकच विनंती. हे पुस्तक वाचून झाल्यावर घरात, वर्गात किंवा कचेरीत कोणाला ‘याला करायचेच नाही’ असे म्हणावेसे वाटले, तर त्याआधी तीन गोष्टी विचारून पाहा: याला यातून काही मिळेल अशी अपेक्षा उरली आहे का, वाटेतले कष्ट त्याला किती मोठे वाटत आहेत, आणि तो आजारी तर नाही ना? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘असेल’ असे वाटले तर त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि सोबत स्वतः जा.